गुणांचा काटा आणि त्याचा आराखडा

लातूरच्या गंजगोलाईंत उभें राहिलें म्हणजे सोळा रस्ते चोहोंकडून येऊन एका वर्तुळास मिळालेले दिसतात. ह्या पेठेचा आराखडा फैयाजुद्दीन नांवाच्या नगररचनाकारानें तयार केला आणि मध्यभागची दुमजली इमारत १९१७ सालीं उभी राहिली. पुढें पेठ वाढली, मोटारी आल्या, दुकानें बदललीं. परंतु त्या वेळीं कागदावर ओढलेलें वर्तुळ अजूनही शहराच्या रहदारीचें नियमन करीत आहे. आराखडा नीट असला तर त्याचें सुख कित्येक पिढ्यांना मिळतें, आणि तो चुकला तर ठेंचही कित्येक पिढ्यांना लागते.

त्याच बाजारांतील दुसरी वस्तु म्हणजे काटा. मोंढ्यांत तूर किंवा सोयाबीन घेऊन येणारा शेतकरी भावाबद्दल घासाघीस करील, अडत्याशीं हुज्जतही घालील. परंतु काट्याविषयीं त्याचें एकच मागणें असतें, कीं तो खरा असावा. लातूर आणि नांदेड ह्या दोन जिल्ह्यांत गेल्या तीनचार दशकांत अशाच एका काट्याला विलक्षण महत्त्व आलें आहे. तो काटा गुणांचा. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरांतील मूल वैद्यकीय अथवा अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाणार कीं नाहीं, हें त्या काट्यावर ठरतें. आणि तो काटा उत्तरोत्तर माणसाच्या हातांतून निघून यंत्राच्या स्वाधीन होत आहे. हें स्थित्यंतर कसें घडून आलें, आणि यंत्राच्या काट्याचा खरेपणा कोठें तपासावयाचा, हा प्रश्न आज हजारों घरांच्या जिव्हाळ्याचा झाला आहे.

परीक्षेंतील पक्षपाताची शंका परीक्षेइतकीच जुनी आहे. चीनमध्यें सोंग राजवटीच्या काळीं राज्यसेवेच्या परीक्षा होत, तेव्हां उमेदवाराचें अक्षर परीक्षकानें ओळखूं नये म्हणून कारकून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल उतरवीत आणि परीक्षकापुढें ती नक्कलच ठेवली जाई. उत्तर पाहणाऱ्याला उत्तर देणाराचें नांव कळतां कामा नये, हें तत्त्व त्या कारकुनांच्या बोरूंतून जगास मिळालें. आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालें. शिकवावें महाविद्यालयांनीं आणि पारखावें विद्यापीठानें, अशी ती वांटणी होती. त्याची पहिली मॅट्रिक १८५९ सालीं झाली, आणि तींत उत्तीर्ण झालेल्या थोड्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे हे होते. येणेंप्रमाणें परीक्षा हें महाराष्ट्रांत नव्या विद्येचें महाद्वार बनलें.

मराठवाडा मात्र त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता, आणि तेथील द्वाराची किल्ली निराळी होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालें. इंग्रजीऐवजीं एका भारतीय भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. त्याच्या भाषांतर विभागानें शास्त्रांचे कितीतरी ग्रंथ उर्दूंत आणले, आणि हें कार्य कोणीही थोरच म्हणेल. तथापि घरीं मराठी बोलणाऱ्या नांदेडच्या किंवा लातूरच्या मुलाला गणित येवो, इतिहास येवो, तें दाखविण्याची वाट परक्या लिपींतून जात असे. त्याला जो गुण मिळे तो गणिताचा किती आणि उर्दूचा किती, हें सांगणें कोणासही शक्य नव्हतें. मोजावयाचें एक आणि मोजलें जाई दुसरेंच. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनीं हिप्परगें येथील राष्ट्रीय शाळेंत आणि पुढें अंबाजोगाईस शिक्षणाचें जें काम केलें, त्याच्या मुळाशीं ही वेदना होती. १९३८ सालीं वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें, तेव्हां नागपूर विद्यापीठानें त्यांना आश्रय दिला. परीक्षेचें दार ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं भविष्य, हा धडा मराठवाड्यानें असा अनुभवानें घेतला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९५० सालीं, नांदेडास पीपल्स कॉलेज उभें राहिलें. १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें. आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजीं, मुक्तिदिनाचेंच औचित्य साधून, नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे ह्या विद्यापीठाच्या क्षेत्रांत आले. ह्याच्या आधीं लातुरांत आणखी एक गोष्ट घडून गेली होती. १९७० सालीं तेथें राजर्षी शाहू महाविद्यालय निघालें. त्याचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे, जे पुढें नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले, त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून अध्यापनाची एक शिस्त उदयास आली, आणि लोकांनीं तिला ‘लातूर पॅटर्न’ हें नांव दिलें. अभ्यासक्रम वेळेपूर्वीं संपवावयाचा, पुनःपुन्हा चाचण्या घ्यावयाच्या, प्रत्येक चाचणीनंतर चूक दाखवावयाची, आणि ती चूक जाईपर्यंत नवी चाचणी द्यावयाची, असा तिचा गाभा होता. बारावीच्या गुणवत्ता यादींत लातूरचीं नांवें झळकूं लागलीं. ती यादी पुढें बंद झाली. परंतु पॅटर्नचें नांव राहिलें, आणि त्याच्या मागोमाग मोठमोठे शिकवणी वर्गही आले.

येथें एक व्यावहारिक अडचण ध्यानांत घेण्यासारखी आहे. चाचणी घेणें सोपें, परंतु ती तपासणें कष्टाचें. शंभर मुलांची आठवड्याला एक चाचणी घेणाऱ्या शिक्षकास वर्षाला कित्येक हजार उत्तरपत्रिका पाहाव्या लागतात, आणि मुलाला आपली चूक लवकर कळली नाहीं तर त्या चाचणीचा अर्धा उपयोग वाया जातो. तेव्हां जलद तपासणीची गरज लातूरला इतरांपेक्षां अधिक तीव्रतेनें भासली, आणि काळ्या वर्तुळांची ओएमआर पत्रिका तेथील मुलांच्या हातांत पाटीपेन्सिलीसारखी परिचित झाली. ह्या पत्रिकेचा इतिहास मात्र दूरदेशीं सुरू होतो.

परीक्षकाची लेखणी किती डळमळीत असते, हें प्रथम आंकड्यांनीं दाखविणाऱ्यांत इंग्लंडचा पंडित एजवर्थ हा अग्रणी होता. १८८८ सालीं त्यानें परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध लिहिला आणि गुणांत दैवाचा वांटा केवढा असतो तें दाखविलें. पुढें १९३५ सालीं फिलिप हार्टोग व रोड्स ह्या दोघांनीं त्याहून धक्कादायक प्रयोग प्रसिद्ध केला. हार्टोग हे भारतीय शिक्षणाच्या अभ्यासकांस परिचित आहेत. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरु. त्यांनीं इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांकडून वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर पुन्हा तपासून घेतल्या. एकूण २१० निर्णय झाले, आणि त्यांपैकीं ९२ वेळां त्याच परीक्षकानें त्याच पत्रिकेचा निकाल बदलला. पूर्वीं नापास ठरविलेला उमेदवार त्यानें पास केला, किंवा ह्याच्या उलट. परीक्षक लबाड नव्हते, अननुभवीही नव्हते. माणसाचें मन काट्यासारखें स्थिर नसतें, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच सुमारास अमेरिकेंत मिशिगन प्रांतांतील रेनॉल्ड जॉन्सन ह्या शाळामास्तरानें ह्या दुखण्यावर यांत्रिक उपाय शोधला. लहानपणीं त्यानें एक खोडी केली होती. बहिणींना भेटावयास येणाऱ्या तरुणांच्या मोटारींच्या ठिणगीच्या नळीवर तो पेन्सिलीनें रेघ ओढून ठेवी. पेन्सिलींतील ग्रॅफाइटमधून वीज वाहून जाई आणि मोटार सुरू होत नसे. पेन्सिलीच्या खुणेंतून वीज वाहते, तर त्याच विजेकडून बरोबर उत्तरें कां मोजून घेऊं नयेत, असें त्याच्या मनांत आलें. आयबीएम कंपनीनें त्याला नोकरींत घेतलें, आणि १९३८ सालीं ‘८०५’ क्रमांकाचें गुणमोजणी यंत्र बाजारांत आलें. पुढें १९५५ च्या सुमारास आयोवा येथें लिंडक्विस्ट ह्यांनीं प्रकाशानें खूण वाचणारें यंत्र सिद्ध केलें. लातूरच्या मुलाची ओएमआर पत्रिका ही त्या यंत्राचीच वंशज होय.

ह्यानंतर संगणक आला. १९६० सालीं न्यूयॉर्क राज्यांतील रेन्सेलर पॉलिटेक्निक ह्या संस्थेंत हॉलिंग्सवर्थ नांवाच्या अध्यापकानें विद्यार्थ्यांनीं छिद्रांकित पत्त्यांवर लिहून दिलेले प्रोग्राम संगणकाकडूनच तपासून घेतले. १९६६ सालीं एलिस पेज ह्यांनीं निबंधाला गुण देणारी योजना मांडली. तिचें मर्म समजून घेण्यासारखें आहे. यंत्राला निबंध समजत नव्हता. तें निबंधाची लांबी, स्वल्पविराम, शब्दांची लांबी असल्या बाह्य खुणा मोजी, आणि परीक्षकांनीं दिलेल्या गुणांशीं त्यांचा मेळ घाली. मेळ बराच जमे, हें खरें. परंतु लांब निबंधाला गुण मिळतात हें एकदां मुलांना समजलें, कीं निबंध लांबतात; विचार वाढतोच असें नाहीं. उर्दूंतून गणित पारखण्याच्या काळीं जो घोटाळा झाला, तोच येथें नव्या वेषांत पुढें उभा राहतो. आज यंत्राला मराठी गद्य वाचावयास शिकविण्याचे प्रयत्न चालूं आहेत. तें यंत्र जर पुण्यामुंबईच्या छापील गद्यावरच वाढलेलें असेल, तर तेलंगण व कर्नाटक ह्यांच्या सीमेवरील देगलूरच्या मुलाची सरळ, अस्सल वाक्यें त्याला सदोष वाटण्याचा संभव आहे.

महाराष्ट्रांत संगणकावरील परीक्षा खेड्यापाड्यांत पोंचविण्याचें श्रेय बव्हंशीं एमएस-सीआयटी ह्या अभ्यासक्रमाकडे जातें. राज्य शासनाच्या पुढाकारानें २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें, आणि तालुक्यातालुक्यांतील केंद्रांत संगणक शिकणारा उमेदवार परीक्षाही संगणकावरच देऊं लागला. पुढें अभियांत्रिकीची अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा आणि राज्याची सामायिक प्रवेशपरीक्षा ह्यांनींही कागद सोडला. आतां प्रश्न हा उभा राहिला, कीं प्रश्न एका गांवीं, उमेदवार दुसऱ्या गांवीं, आणि गुण देणारा संगणक तिसऱ्याच ठिकाणीं असतां हें सर्व एका सूत्रांत कसें ओवावें.

ह्याचें उत्तर म्हणजे वेब सेवा. एके काळीं टपालकचेरीच्या खिडकीवर मनीऑर्डरचा फॉर्म भरून दिला, कीं आंतील कारकून काय करतात हें जाणण्याची आवश्यकता नसे. फॉर्म ठरलेल्या नमुन्याचा असला म्हणजे पुरे. पावती मिळे आणि पैसे पोंचत. वेब सेवा ही अशीच खिडकी आहे. एका संगणकानें ठरलेल्या नमुन्यांत मागणी करावयाची आणि दुसऱ्यानें ठरलेल्या नमुन्यांत उत्तर द्यावयाचें. १९९८ सालीं एक्सएमएल ही मजकूर बांधण्याची पद्धति मान्य झाली. २००० सालीं रॉय फील्डिंग ह्यांच्या प्रबंधानें अशा सेवांची एक सोपी रचना दाखविली. आणि त्याच सुमारास प्रश्न व उत्तरें ह्यांची देवघेव करण्याचा सर्वमान्य नमुनाही तयार झाला. त्यामुळें परीक्षेच्या कामाचे स्वतंत्र विभाग पाडणें शक्य झालें. एक सेवा उमेदवाराची ओळख पटविते, दुसरी प्रश्नपेढींतून प्रश्न काढते, तिसरी उत्तरें स्वीकारते, चौथी गुण देते, पांचवी निकाल जाहीर करते. गुण देणाऱ्या सेवेकडे उमेदवाराचें नांव न जातां केवळ एक क्रमांक जावा, अशी व्यवस्था करतां येते. सोंग राजवटीचा तो कारकून येथें नव्या रूपानें पुन्हा कामावर येतो.

परंतु असे पांच विभाग एकमेकांशीं नीट वागतील ह्याची हमी कोण देणार? इमारतीपूर्वीं नकाशा लागतो, तसा संगणकाच्या कामापूर्वींही नकाशा लागतो. ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ आणि इव्हार जेकबसन ह्या तिघांनीं आपापल्या चित्रपद्धती एकत्र करून जी सामायिक चित्रभाषा घडविली, ती यूएमएल ह्या नांवानें १९९७ सालीं प्रमाण म्हणून मान्य झाली. तींतील चार चित्रें परीक्षेच्या कामीं विशेष उपयोगी पडतात. पहिलें, कोण काय करणार ह्याचें चित्र : विद्यार्थी, प्रश्न काढणारा, नियामक, परीक्षा नियंत्रक ह्यांची कामें व अधिकार. दुसरें, वस्तूंच्या संबंधांचें चित्र : प्रश्न, उत्तर, उत्तरसूची आणि गुण हे एकमेकांशीं कसे जोडलेले आहेत. तिसरें, निरोपांच्या क्रमाचें चित्र : कोणता निरोप आधीं, कोणता मागाहून. चौथें, अवस्थांचें चित्र : एक उत्तरपत्रिका कोणकोणत्या अवस्थांतून जाते आणि एका अवस्थेंतून दुसरींत तिला कोण नेऊं शकतो.

हीं चित्रें रुक्ष वाटतील; म्हणून एक काल्पनिक प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. नांदेड जिल्ह्याच्या टोंकाला, रानाच्या कडेला किनवट आहे. तेथील केंद्रांत एक मुलगी शेवटचें उत्तर पाठविते, आणि त्याच क्षणीं वीज जाते. उत्तर पोंचलें, परंतु पोंच परत आली नाहीं. वीज आल्यावर तिचा संगणक तेंच उत्तर पुन्हा पाठवितो. आतां दोन उत्तरें झालीं काय? दुसरें उशिरा आलें म्हणून तें बाद, कीं पहिलेंही बाद? निरोपांच्या क्रमाचें चित्र काढतांना ज्यानें हा प्रसंग कल्पिला असेल, त्यानें प्रत्येक उत्तराला स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सेवा जुनीच पोंच परत देते आणि कामाची पुनरावृत्ति होत नाहीं. ज्यानें तो कल्पिला नसेल, त्याच्या यंत्रांत त्या मुलीचें वर्ष बुडूं शकतें, आणि यंत्र बिघडलें असेंही कोणास म्हणतां येणार नाहीं. यंत्रानें सांगितलें तेंच केलेलें असतें.

अशा चुका केवळ कल्पनेंतल्या नाहींत. गेल्या कांहीं वर्षांत तीन मोठ्या घटना घडल्या, आणि तिन्हींत चूक निरनिराळ्या जागीं होती.

पहिली घटना मुंबई विद्यापीठांतील. २०१७ सालीं तेथें सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचें ठरलें. पत्रिकांच्या प्रतिमा काढावयाच्या, प्राध्यापकांनीं त्या संगणकावर वाचावयाच्या आणि तेथेंच गुण भरावयाचे. कल्पना उत्तम होती, आणि येथें गुण देणारा माणूसच होता. परंतु पत्रिका सुमारें १७ लाख होत्या, आणि बदल अत्यंत घाईनें झाला. कुलपतींनीं ३१ जुलैची मुदत घातली. ऑगस्ट उलटून गेला तरी सर्व निकाल लागले नव्हते. पुढील शिक्षणाचे प्रवेश अडले, आणि ऑक्टोबरांत कुलगुरूंना पदावरून दूर करण्यांत आलें. कोणत्या दिवशीं किती भार येईल, तो पेलण्यास किती माणसें व किती वेळ लागेल, एक कडी तुटली तर काय करावयाचें, हीं गणितें आधीं कागदावर मांडून मगच १७ लाख पत्रिकांना हात घालावयास हवा होता. लहान प्रमाणावर प्रयोग करून पाहण्यास एक वर्ष गेलें असतें तरी तें स्वस्त पडलें असतें.

दुसरी घटना इंग्लंडांतील. २०२० सालीं साथीमुळें तेथें परीक्षाच झाल्या नाहींत. तेव्हां शिक्षकांनीं कळविलेले अंदाजी गुण आणि त्या त्या शाळेचा पूर्वीचा निकाल ह्यांचा मेळ घालणारें एक सूत्र वापरण्यांत आलें. १३ ऑगस्ट रोजीं निकाल लागला, आणि सुमारें ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाहून खालीं आल्या. ज्या शाळेचा पूर्वींचा निकाल साधारण, तिच्यांतील हुशार मुलाला त्या इतिहासाचें ओझें वाहावें लागलें. चारच दिवसांत शासनाला तें सूत्र मागें घ्यावें लागलें. संगणकानें बेरीज-वजाबाकी अचूक केली होती. परंतु प्रत्येक मुलाचें मोजमाप त्याच्या शाळेच्या मापानें घ्यावयाचें, ही कल्पनाच अन्यायाची होती. हें सूत्र आपल्याकडे लागलें असतें, तर आडगांवच्या शाळेंतून प्रथमच वर येणाऱ्या मुलाची काय दशा झाली असती, हें सांगावयास नको.

तिसरी घटना लातूरच्या अगदीं जवळची आहे. ५ मे २०२४ रोजीं वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा झाली. २३ लाखांहून अधिक विद्यार्थी तिला बसले. त्या परीक्षेवर पेपरफुटीचेंही सावट पडलें आणि त्याची चौकशी लातूरपर्यंत आली; परंतु येथें मुद्दा पदार्थविज्ञानांतील एका प्रश्नाचा आहे. अणूंच्या स्थैर्याविषयींच्या त्या प्रश्नाला जुन्या पाठ्यपुस्तकाप्रमाणें एक पर्याय बरोबर ठरे आणि नव्या पुस्तकाप्रमाणें दुसरा. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनें दोन्ही ग्राह्य धरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. न्यायालयानें दिल्लीच्या आयआयटीकडून तीन तज्ज्ञांचें मत मागविलें, आणि एकच पर्याय बरोबर असल्याचें ठरलें. त्या एका दुरुस्तीनें चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पांच गुण गेले, आणि पैकीच्या पैकी गुण मिळविणारांची संख्या ६१ वरून १७ वर आली. ओएमआर यंत्रानें ह्या सर्व प्रकरणांत एकही खूण चुकीची वाचली नव्हती. शंका होती ती उत्तरसूचींत. आणि उत्तरसूची माणसानें लिहिलेली होती.

ह्या तीन घटना एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. हार्टोग ह्यांच्या काळीं अन्याय विखुरलेला असे. एक परीक्षक थकला तर त्याच्या गठ्ठ्यांतील पत्रिकांचें नुकसान होई, आणि दुसऱ्या परीक्षकाकडील मुलें वांचत. यंत्र थकत नाहीं, रागावत नाहीं, कोणाचा वशिला ओळखत नाहीं. हा त्याचा गुण निर्विवाद आहे. परंतु त्याला दिलेल्या आराखड्यांत एक चूक असली तर ती चूक तें त्याच निष्ठेनें लाखों पत्रिकांवर उमटवितें. म्हणून अन्यायाविरुद्ध जी दक्षता पूर्वीं परीक्षकाच्या टेबलाशीं ठेवावी लागे, ती आतां आराखडा काढणाऱ्याच्या टेबलाशीं ठेवली पाहिजे, आणि तीही यंत्र चालूं होण्यापूर्वीं.

ह्या दक्षतेचे प्रकार फार गूढ नाहींत. उत्तरसूची ही एकदां लिहून बंद करण्याची वस्तु न मानतां तिच्या आवृत्त्या ठेवाव्या, आणि प्रत्येक गुणापुढें तो कोणत्या आवृत्तीनें दिला हें नोंदलेलें असावें. म्हणजे सूची सुधारली तर लाखों गुण पुन्हा काढणें घटकाभराचें काम होतें, आणि काय बदललें हेंही सर्वांस दाखवितां येतें. उत्तरपत्रिकेच्या अवस्थांच्या चित्रांत ‘जाहीर’ ही शेवटची अवस्था नसावी. तिच्यापुढें ‘आक्षेप’ आणि ‘फेरतपासणी’ ह्या अवस्था पहिल्या दिवसापासून काढलेल्या असाव्या. मागाहून जोडलेलें दार भिंत फोडूनच बसवावें लागतें. यंत्राला ज्या उत्तराचा भरंवसा वाटत नाहीं, तें उत्तर त्यानें माणसाकडे पाठवावें, आणि तो माणूस कोण हें चित्रांत स्पष्ट असावें. प्रश्नाचें मराठी भाषांतर आणि मूळ ह्यांत फरक पडला, तर त्याचा भुर्दंड मराठींतून उत्तर देणाऱ्या मुलावर पडूं नये, ह्याचीही तरतूद आराखड्यांतच व्हावी. नीट परीक्षा २०१७ पासून मराठींतूनही देतां येते. परंतु भाषांतराविषयीं संदेह उत्पन्न झाल्यास इंग्रजी पाठच अंतिम मानण्याचा तिचा नियम आहे. उर्दूंतून उत्तरें देणाऱ्या पिढीचीं नातवंडें ज्या प्रदेशांत परीक्षेला बसतात, तेथें ह्या नियमाचा विचार अधिक आस्थेनें व्हावयास हवा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं असा आराखडा पाहण्याचा अधिकार केवळ संगणकशास्त्रज्ञांचा नसावा. यूएमएलचीं चित्रें मुळांत ह्याचसाठीं सोपीं ठेवलेलीं आहेत, कीं यंत्र न समजणाऱ्या माणसालाही त्यांतील चूक दाखवितां यावी. नांदेडचा परीक्षा नियंत्रक, उदगीरचा प्राध्यापक, किनवटचा केंद्रप्रमुख ह्यांना तीं कागदावर दाखवून विचारावें, कीं वीज गेली तर काय, मूल उशिरा आलें तर काय, उत्तर बरोबर असूनही सूचींत नसलें तर काय. आज्ञावली लिहून झाल्यावर ह्या प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यास महिने लागतात. कागदावर तीं पेन्सिलीच्या एका रेघेनें दुरुस्त होतात.

लातूर पॅटर्नचें मूळ बळ चाचणी कठीण असण्यांत नव्हतें. चुकीनंतर मुलाला पुन्हा संधि मिळे आणि आपलें कोठें चुकलें हें कळे, ह्यांत होतें. गुण देणारी सेवा जर नुसता आंकडा सांगून थांबली, तर ती त्या परंपरेची निम्मीच वारस ठरेल. चूक कोणती, ती कां झाली, आणि यंत्राचेंच चुकलें असें वाटल्यास दाद कोठें मागावी, हें सांगणारी सेवा मात्र त्या परंपरेला पुढें नेईल. मोंढ्यावरील शेतकऱ्याला काट्याच्या आंतील दांडी व कमानी समजत नाहींत. परंतु त्या काट्यावर तपासनिसाचा शिक्का आहे कीं नाहीं, हें तो पाहूं शकतो, आणि संशय आल्यास वजन पुन्हा करून मागूं शकतो. त्याच्या मुलाचें वर्ष ज्या काट्यावर जोखलें जाणार, त्या काट्याच्या बाबतींत त्याला एवढा अधिकार तरी असावा, हें मागणें अधिक नाहीं.